गळ्यातली झोळी, पाठीवरचा पट्टा

पालम, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या गावचा माणूस मोटारसायकलवरून पडतो, परभणीला आणला जातो, एक्स-रे निघतो आणि कॉलरबोन मोडल्याचे कळते. अर्ध्या तासात त्याचा मुलगा नाहीतर मेहुणा सर्जिकल सामानाच्या दुकानात उभा असतो. हातातल्या चिठ्ठीवर कधी ‘आर्म पाऊच’ लिहिलेले असते, कधी ‘क्लॅव्हिकल ब्रेस’, तर कधी चिठ्ठीच नसते. दुकानदार दोन-तीन खोकी काढून समोर ठेवतो. एकात गळ्यात अडकवायची साधी कापडी झोळी असते. दुसऱ्यात दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारणारा, फोम भरलेला पट्टा असतो. तिसऱ्यात हात छातीशी बांधून टाकणारा, कमरेला वेढा घेणारा शोल्डर इमोबिलायझर. आपल्या माणसाला चांगल्यातले चांगले मिळावे म्हणून नातेवाईक बहुतेक वेळा जास्त किमतीच्या, जास्त घट्ट दिसणाऱ्या खोक्याकडे हात नेतो. त्याची तळमळ खरी असते. पण कॉलरबोनच्या बाबतीत घट्ट आणि मजबूत दिसणारी वस्तू जास्त गुणकारी ठरत नाही. हाडांच्या डॉक्टरांना हे जवळपास 40 वर्षांपासून ठाऊक आहे आणि दुकानाच्या काउंटरपर्यंत ते अजून नीट पोचलेले नाही.

कॉलरबोन म्हणजे गळ्याखाली दोन्ही बाजूंना कातडीखालून सहज हाताला लागणारे आडवे हाड. मोठ्या माणसात ते साधारण 15 सेंटीमीटर लांबीचे आणि इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे हलकेच वळलेले असते. त्याचे एक टोक छातीच्या मधल्या हाडाला भिडते, दुसरे खांद्याच्या पात्याला. हाताचा सगळा सांगाडा धडाशी हाडाने जोडला गेला आहे तो एवढ्या एकाच वाटेने. बाकीचे सारे धरून ठेवण्याचे काम स्नायूंचे. पत्र्याच्या छपराला बाहेरून तिरका टेकू द्यावा तसे हे हाड खांद्याला छातीपासून दूर रोखून धरते. म्हणून ते मोडले की खांदा पुढे, खाली आणि आत कलतो, आणि माणूस दुसऱ्या हाताने दुखऱ्या बाजूचे कोपर सांभाळत दवाखान्यात शिरतो. त्या सांभाळण्यावरूनच अनुभवी डॉक्टरांना अर्धे निदान झालेले असते. या हाडाची घडणही वेगळी आहे. गर्भात सर्वांत आधी हाड बनायला सुरुवात होते ती इथे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि छातीकडचे टोक पूर्ण जुळून यायला माणसाची पंचविशी उजाडते.

पडताना हात टेकला म्हणून हाड गेले, असे घरोघरी सांगितले जाते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी वेगळे सांगते. त्यांच्या रुग्णांपैकी 87 टक्के जण थेट खांद्यावर आपटले होते, 7 टक्क्यांना त्या जागी थेट मार बसला होता आणि हात टेकून पडलेले फक्त 6 टक्के होते. खड्डा चुकवताना दुचाकी घसरते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून तोल जातो, कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघे मिळून खाली घेतात, उधळलेला बैल दावणीवरच धडक देतो. या प्रत्येक वेळी जमिनीला आधी लागतो तो खांद्याचा बाहेरचा कोपरा, आणि सगळा दाब त्या वळलेल्या हाडावर जातो.

दहापैकी आठ वेळा हाड मध्यावर मोडते. तिथे ते सर्वांत बारीक असते, वळण बदलते आणि आजूबाजूच्या स्नायूंचे पांघरूणही विरळ असते. मोडल्यानंतर कानामागून छातीकडे उतरणारा मानेचा जाड स्नायू आतला तुकडा वर ओढतो. बाहेरच्या तुकड्याला हाताचे वजन खाली खेचते. छातीचा मोठा स्नायू खांदा आत ओढतो. परिणामी दोन तुकडे एकमेकांवर चढतात आणि कातडीखाली टेंगूळ दिसू लागते. ही ओढाताण मान वळवताना, खोकताना, झोपेत कूस बदलताना चालूच राहते. पायाचे हाड मोडले तर वरचा आणि खालचा सांधा धरून प्लॅस्टर घालता येते. इथे एका बाजूला मान, दुसरीकडे काख आणि खाली फुप्फुस. प्लॅस्टर पकड घेईल अशी जागाच नाही. मग कातडीवरून बांधलेला पट्टा आतल्या स्नायूंना कसा आवरणार?

माणसाने तरीही हजारो वर्षे प्रयत्न केला. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराच्या, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तच्या पपायरसात 35 वे प्रकरण याच मोडीचे आहे. रुग्णाला उताणे निजवून पाठीच्या दोन पात्यांमध्ये घडी घातलेली वस्तू ठेवायची आणि दोन्ही खांदे मागे पसरवून हाड जागेवर आणायचे, असा उपाय त्यात दिला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. या हाडाला तिथे अक्षक म्हटले आहे. ते खाली दबले असेल तर शेक देऊन मुसळाच्या आधाराने उचलावे, वर आले असेल तर दाबावे आणि मग घट्ट बांधावे, असे तो अध्याय सांगतो. निखळलेल्या खांद्यासाठी फुलीच्या आकाराची स्वस्तिक पट्टीही त्यात आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या लेखनात तर रुग्णाच्या स्वभावाचे अचूक निरीक्षण सापडते: असे रुग्ण सुरुवातीला घाबरून येतात, दुखणे ओसरले की पट्टीकडे दुर्लक्ष करतात, आणि हाड तेवढ्यात आपले आपण जुळून आलेले असते.

खांदे मागे खेचून हाड सरळ ठेवायचे, हीच कल्पना आजच्या पाठीवरच्या फुलीच्या पट्ट्यात आहे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो दोन्ही काखांतून फिरतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘फिगर ऑफ एट’ म्हणतात. तर्क सुरेख आहे. तो शरीरावर खरा उतरतो का, हे तपासायचे काम डेन्मार्कच्या अँडरसन, येन्सन आणि लॉरिट्सेन या डॉक्टरांनी केले. 1987 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 61 रुग्णांपैकी काहींना साधी झोळी आणि काहींना आठचा पट्टा, असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटप केले होते. हाड जुळल्यानंतर हाताचे काम आणि खांद्याचे दिसणे दोन्ही गटांत सारखेच निघाले. झोळीवाल्यांना त्रास कमी झाला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये तुकडे जेवढे सरकलेले होते तेवढेच ते शेवटी सरकलेले राहिले, पट्टा असो वा झोळी. 2015 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 60 रुग्ण घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला. पट्टा लावलेल्यांना पहिल्या दिवशी जास्त दुखले, हाडाच्या जुळण्यात फरक पडला नाही, आणि त्यांनीही झोळीचीच शिफारस केली.

हे अभ्यास लहान आहेत. वैद्यकीय पुरावे चाळून निष्कर्ष काढणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही या विषयावर आणखी चांगल्या अभ्यासांची गरज असल्याचे नोंदवले आहे. पण पट्टा सरस ठरल्याचे दाखवणारा भक्कम पुरावा कुणी पुढे आणलेला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

मग झोळी नेमके काय करते? ती हाताचे वजन उचलते. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण 5 टक्के भरतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाचा हात सुमारे 3 किलोचा. हे 3 किलो मोडक्या तुकड्याला लोंबकळत राहिले तर प्रत्येक पावलाला कळ येते. झोळीने ते वजन दुसऱ्या खांद्यावर दिले की वेदना उतरते, स्नायू सैल पडतात, आणि हाड जोडण्याचे काम शरीर स्वतः करते. याच कारणाने झोळी कोपरासकट हात उचलणारी हवी. नुसत्या मनगटाला अडकवायची, गळ्यातून येणारी पातळ पट्टी दंडाच्या हाडासाठी वापरतात. तिथे कोपर खाली लोंबणे हवेच असते. कॉलरबोनसाठी ती घेऊ नये. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात आणि पाहणाऱ्याला फरक लक्षात येत नाही.

परभणीच्या रुग्णाच्या बाबतीत झोळीच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या कोणत्याही परदेशी अभ्यासात सापडणार नाहीत. पहिली उन्हाची. मे महिन्यात इथला पारा 42-43 अंशांच्या पुढे सहज जातो. फोम आणि नायलॉनचा पट्टा दोन्ही काखांत दिवसरात्र आवळलेला असला की घामाने कातडी ओली राहते, घामोळे येते, सालटी निघतात, खाज सुटते आणि माणूस तो पट्टा स्वतःच सैल करतो किंवा काढून कोनाड्यात ठेवतो. सुती झोळी धुता येते, वाळते, आणि बदलायला दुसरी ठेवता येते. दुसरी गोष्ट अंतराची. आठचा पट्टा काही दिवसांत सैल पडतो. सूज उतरली की पुन्हा आवळावा लागतो आणि किती आवळायचा ते जाणत्याने ठरवावे लागते. गंगाखेड किंवा जिंतूर परभणीपासून 40 किलोमीटरच्या आसपास, पालम त्याहून दूर. त्यापुढे गावापर्यंतची वाट वेगळी. पट्टा आवळून घेण्यासाठी मोडक्या खांद्याने जीपमध्ये धक्के खात यायचे, यात रुग्णाचे भले कितीसे होणार?

पट्टा कधीच वापरू नये असे मात्र नाही. काही डॉक्टर अजूनही तो देतात, विशेषतः दोन्ही कॉलरबोन एकदम मोडल्या असतील, किंवा रुग्णाला खांदे मागे घेतल्यावर खरोखर बरे वाटत असेल तर. डॉक्टरांनी तो सांगितला असेल तर तो नीट बसवून घ्यावा. माप काखेखालून छातीच्या घेराचे घ्यायचे, शर्टाच्या नंबरावरून अंदाज बांधायचा नाही. शक्यतो दवाखान्यातच, माणूस स्टुलावर ताठ बसलेला असताना, मागून बांधून घ्यावा. फुली दोन्ही पात्यांच्या मध्ये यावी, बक्कल मोडलेल्या जागेवर येऊ नये, आणि काखेतल्या पट्टीखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. काखेतून हाताच्या मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. पट्टा जास्त आवळल्याने नस दबून हात लुळा पडल्याच्या, शिरेत रक्त साकळल्याच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत. हाताला मुंग्या आल्या, बोटे सुजली किंवा निळसर झाली तर पट्टा त्याच क्षणी सैल करायचा. दोन्ही हात खाली सोडून बसल्यावर मुंग्या वाढत असतील तर तो पट्टा त्या माणसासाठी नाहीच.

झोळी घेतानाही माप लागते. कोपराच्या टोकापासून बोटांच्या मुळापर्यंतची लांबी मोजावी. पिशवी त्याहून आखूड असली की मनगट कडेवरून खाली लटकते आणि हात सुजतो. कोपर पिशवीच्या कोपऱ्यात पूर्ण बसलेले, साधारण काटकोनात, मनगट कोपरापेक्षा किंचित वर आणि बोटांची टोके बाहेर दिसणारी, अशी बैठक बरोबर. खांद्यावरून जाणारी पट्टी दुखऱ्या बाजूला नको, ती दुसऱ्या खांद्यावर रुंद पसरलेली हवी. मानेत रुतत असेल तर खाली मऊ फडक्याची घडी ठेवावी. टायनोर, व्हिस्को, फ्लेमिंगो अशा कंपन्यांच्या झोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात. त्यांच्यात निवड करताना नाव बघण्यापेक्षा कापड हवा खेळू देणारे आहे का, वेल्क्रो धुतल्यावर टिकेल का आणि एका हाताने काढता-घालता येते का, हे बघावे. रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाला कुणाला हाक न मारता झोळी नीट करता आली पाहिजे.

दुकान जवळ नसेल तर मीटरभर लांब-रुंद मांजरपाट तिरका कापून त्रिकोण करावा. तेवढी मोठी दस्ती किंवा उपरणे तिरके दुमडले तरी चालते. त्रिकोणाचे टोक कोपराकडे, एक शेंडा चांगल्या खांद्यावरून, दुसरा हाताखालून वर. गाठ मानेच्या मणक्यावर न मारता बाजूला, चांगल्या खांद्याच्या खळगीत मारावी आणि कोपराजवळचे टोक सेफ्टी पिनने आत वळवावे. एवढ्यावर रुग्ण व्यवस्थित परभणीपर्यंत येतो, आणि पुष्कळदा डॉक्टर तीच झोळी पुढेही राहू देतात.

खांद्याला मार लागला म्हणजे कॉलरबोनच मोडली असेल असे नाही, आणि आधाराची निवड चुकते ती अनेकदा इथेच. 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात मुंबईकर श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला झेप घेतली आणि डावा खांदा धरूनच तो बाहेर गेला. त्याचा खांद्याचा सांधा सरकला होता. हाड मोडलेले नव्हते. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरात तो पुन्हा आयपीएल खेळला. अशा निखळलेल्या सांध्याला आधी जागेवर बसवावे लागते आणि मग हात छातीशी बांधणारा इमोबिलायझर शोभतो, कारण तिथे दंड बाहेर फिरला की सांधा पुन्हा निसटतो. तिसरा प्रकार कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाशी असलेल्या सांध्याचे बंध तुटण्याचा. खांद्याच्या शेंड्यावर पायरीसारखा उंचवटा येतो. सौम्य असेल तर एक-दोन आठवडे झोळी पुरते, बंध पूर्ण तुटले असतील तर डॉक्टर वेगळा विचार करतात. या तिन्ही दुखापती बाहेरून सारख्याच दुखतात. म्हणून एक्स-रे आधी, खोके नंतर.

शस्त्रक्रियेचा प्रश्न पट्ट्याच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि डॉक्टरांचे मत या बाबतीत बदलत गेले आहे. अमेरिकेचे चार्ल्स नीर यांनी 1960 मध्ये शस्त्रक्रियेविना सांभाळलेल्या 2,235 रुग्णांचा हिशोब मांडला. त्यात हाड न जुळलेले फक्त 3 निघाले. पुढची कित्येक वर्षे ‘कॉलरबोनला हात लावू नका’ हाच दंडक झाला. त्या आकड्यांत लहान मुलांचाही भरणा होता, आणि मुलांची हाडे जुळतातच. 1997 मध्ये अमेरिकेच्याच हिल आणि सहकाऱ्यांनी फक्त मोठ्या माणसांच्या, पूर्ण सरकलेल्या मोडी पाहिल्या, तेव्हा न जुळण्याचे प्रमाण 15 टक्के आढळले. दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त आखूड झालेल्या हाडांत हा धोका विशेष दिसला. 2007 मध्ये कॅनडातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत प्लेट बसवलेल्या 62 जणांपैकी 2 जणांचे, आणि झोळीवर ठेवलेल्या 49 जणांपैकी 7 जणांचे हाड जुळले नाही. प्लेटचे तोटेही आहेत: जखमेखाली बधिरपणा, जंतुसंसर्ग, कातडीखाली टोचणारे स्क्रू, काही वेळा ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया.

म्हणून सध्याचा व्यवहार असा आहे. हाड थोडेच सरकलेले असेल तर झोळी. तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटलेले, दोन सेंटीमीटरच्या वर चढलेले किंवा चुरा झालेला असेल आणि माणूस कष्टाच्या कामाचा असेल तर शस्त्रक्रियेची चर्चा. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल किंवा रक्तवाहिनीला इजा असेल तर थांबायचेच नाही. मोटोजीपीचा शर्यतपटू जॉर्जे लोरेन्झो 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या आसेन इथे गुरुवारी कॉलरबोन मोडून घेतो, बार्सिलोनात प्लेट बसवून शनिवारी शर्यत पळतो आणि पाचवा येतो, हे खरे आहे. पण त्या प्लेटने हाड दोन दिवसांत जुळले नव्हते. ते फक्त धरले गेले होते. प्लेट बसवलेल्या शेतकऱ्यालाही काही दिवस झोळी लागतेच.

2023 पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन, कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते त्याला आधीच विचारावे. उधार-उसनवार करून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

काही खुणा दिसल्या तर पट्टा-झोळीचा विचार बाजूला ठेवून 108 ला फोन करावा. हात गार पडणे, पांढरा किंवा निळा दिसणे, मनगटाची नाडी न लागणे, बोटे हलेनाशी होणे, दम लागणे, गळ्याच्या मुळाशी सूज भराभर वाढणे, आणि हाडाच्या टोकावरची कातडी ताणून पांढरी पडणे. कॉलरबोनच्या अगदी खालून हाताकडे जाणारी मोठी धमनी आणि शीर जाते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील 29 जून 1850 रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले. कॉलरबोन मोडली आणि तिच्याखालची रक्तवाहिनी फाटल्याचे मानले जाते; 2 जुलैला त्यांचा मृत्यू झाला. असे फार क्वचित घडते, पण नखावर दाब देऊन सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते का, हे घरच्या कुणालाही पाहता येते आणि पहिल्या दोन दिवसांत ते दिवसातून अनेकदा पाहावे.

गावोगावी हाडवैद्य आहेत, आणि मोडलेल्या हाडाला आधी त्यांच्याकडे नेण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. कॉलरबोनच्या बाबतीत त्यांच्याकडे बरे झालेले पुष्कळ लोक भेटतात, कारण हे हाड बहुतेक वेळा कुणीही न बसवता जुळते. धोका असतो तो चोळण्यात, जोर लावून तुकडे ‘बसवण्यात’ आणि काखेतून बांबूच्या कामट्या आवळण्यात. खाली धमनी असलेल्या जागी टोकदार तुकडा ढकलणे जिवावर बेतू शकते. लेप लावायचाच असेल तर कातडी न चोळता, आणि एक्स-रे झाल्यावर, डॉक्टरांना सांगून.

झोळी घातली म्हणजे हात महिनाभर गुंडाळून ठेवायचा असे नाही. पहिल्याच दिवसापासून बोटे उघड-मीट करावीत. दिवसातून तीन-चार वेळा झोळी काढून, कोपर कुशीला टेकवून, कोपर आणि मनगट वाकवून सरळ करावे. वेदना उतरली की, साधारण दुसऱ्या आठवड्यात, डॉक्टरांना विचारून पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलकेच झुलवता येतो. झोळी बहुतेकांना दोन-तीन आठवडे पुरते. ती सहा आठवडे गळ्यात ठेवून खांदा न हलवणाऱ्या पन्नाशीच्या, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाचा खांदा असा आखडतो की हाड जुळल्यावरही केस विंचरता येत नाहीत. मात्र सहा आठवड्यांपर्यंत कोपर खांद्याच्या वर नेऊ नये.

झोपेचे हाल मोठे. सैल विणलेल्या बाजेवर पाठ खोल जाते आणि उठताना खांद्यावर जोर येतो. भिंतीला गादीची वळकटी लावून अर्धवट बसल्यासारखे झोपावे आणि दुखऱ्या कोपराखाली उशी घ्यावी. शर्ट पुढून बटणाचा, ब्लाउज पुढून हुकांचा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. अंघोळीला झोळी काढून हात खाली सैल सोडावा, थोडे पुढे झुकावे, म्हणजे काखेत हात न उचलता पाणी पोचते. नमाज पढणाऱ्यांनी सजद्यात हातांवर भार देण्याऐवजी खुर्चीवर बसून इशाऱ्याने पढावे. आणि बिडी-सिगारेट निदान हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवावी. कॉलरबोन न जुळण्यामागच्या ज्या कारणांवर माणसाचा स्वतःचा ताबा चालतो, त्यांत धूम्रपान सर्वांत वर आहे.

शेतकऱ्याचा खरा प्रश्न असतो, काम केव्हापासून? मोठ्या माणसाचे हाड जुळायला 6 ते 12 आठवडे लागतात. कापूस वेचणीसारखे, कोपर खाली ठेवून चालणारे हलके काम सहा-आठ आठवड्यांनी बहुतेकांना जमते. डोक्यावर भारा घेणे, पोती उचलणे, कुस्ती आणि कबड्डी यांना निदान तीन महिने. सर्वांत जपायचे ते फवारणीच्या पंपापासून. पाठीवरचा पंप भरला की 15-16 लिटरचे वजन दोन पट्ट्यांवर येते आणि त्या पट्ट्या नेमक्या कॉलरबोनवर रुततात. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन-कपाशीवर फवारणीची घाई असते. तरीही ज्याचे हाड जूनमध्ये मोडले, त्याने त्या हंगामात पंप पाठीला लावू नये. शाळेच्या मुलांच्या दप्तराचेही तेच.

मुलांच्या बाबतीत आई-बापांनी निर्धास्त राहावे. कोवळे हाड पुष्कळदा पूर्ण न तुटता वाकते आणि एका बाजूने चिरते. तीन ते सहा आठवड्यांत ते जुळते आणि वाढीबरोबर वाकही भरून निघतो. त्या जागी सुपारीएवढी गाठ येते ती जुळणाऱ्या नव्या हाडाची. ती विरायला काही महिने लागतात, तिला तेल लावून चोळू नये. अवघड बाळंतपणात खांदा अडकल्याने नवजात बाळाचीही कॉलरबोन मोडू शकते. त्याला कोणताच पट्टा लागत नाही: झबल्याची बाही पिनेने छातीवर अडकवतात, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ तो हात हलवू लागते.

मोठ्या माणसाने मात्र दुखणे थांबले म्हणून पुढच्या तपासणीला दांडी मारू नये. सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी एक्स-रे काढून घ्यावा. तीन महिन्यांनंतरही त्या जागी तुकडे एकमेकांवर हलल्यासारखे वाटत असतील, वजन उचलताना कळ येत असेल, तर हाड जुळलेले नसण्याची शक्यता धरून डॉक्टर सीटी स्कॅन सांगू शकतात. अशा न जुळलेल्या हाडाला प्लेट बसवून, गरज पडल्यास कमरेच्या हाडाचा तुकडा भरून ते जोडता येते. ही शस्त्रक्रिया उशिरा केली तरी बहुतेकांना गुण येतो, पण तेवढ्यासाठी पहिले एक्स-रे आणि चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे हाड पहिल्या दिवशी किती सरकले होते ते डॉक्टरांना पाहता येते.